वजन उचलू नकोस, असं मीच सांगितलं होतं

बाळांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं तुमच्या बाबांशी भांडत होतात. धाकटीला शाळेच्या व्यायामशाळेत वजनं उचलायला जायचं होतं आणि बाबा म्हणत होते, "या वयात वजन उचललं की उंची खुंटते. हवं तर आजीला विचार." मी समोरच होते. तुम्ही विचारलंत आणि मी "नंतर सांगते" म्हणून विषय टाळला. माझ्या शेजारी तुमची काकू मेथी निवडत बसली होती. तिने हात थांबवून माझ्याकडे पाहिलं होतं, आणि ती पाहत असताना मला खोटं बोलता येईना, खरंही पटकन सांगता येईना. म्हणून आता लिहिते आहे. मी छत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, तेव्हा इंग्रजीतही लिहू शकले असते. पण ही चूक मी घरात, मराठीत बोलून केली होती. तुम्ही सावकाश वाचा. अडलं तर बाबांना विचारा, त्यांनीही हे वाचायला हवं.

बाबांनी सांगितलं ते वाक्य माझं आहे. ते पंधरा वर्षांचे असताना त्यांना गावच्या तालमीत जायचं होतं आणि मी जाऊ दिलं नाही. तालमीत न जाताही ते पाच फूट पाच इंचांवर थांबले, हे तुम्ही त्यांना माझ्या नावाने ऐकवू शकता. पुढे तेच वाक्य मी तुमच्या ताईलाही, काका-काकूंच्या मुलीलाही सांगितलं. तिथे मात्र ते हसण्यावारी गेलं नाही.

ताई अकरावीत होती तेव्हा म्हणाली, पोलीस भरतीला उभी राहणार. आमच्या तिसगावच्या रस्त्यावर पहाटे धावणारी मुलं-मुली तुम्ही पाहिली आहेत, त्यातलीच ती एक. मुलींना उंची लागते एकशे पंचावन्न सेंटिमीटर, अनवाणी. मी तिला स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकवून उभी केली, डोक्यावर काटकोनी पट्टी धरली आणि पेन्सिलीने रेघ ओढली. एकशे चोपन्नालाही जरा कमीच होती. सोळा वर्षांची मुलगी, आणखी वाढणार तरी किती? त्या दिवसापासून माझ्या डोक्यात उंची सोडून दुसरं काही राहिलं नाही.

शाळेमागच्या मैदानावर या मुलींना एक निवृत्त जवान शिकवायचे. ते हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण आपल्या भागात सैन्यातून परतलेल्या प्रत्येकाला लोक मेजर म्हणतात, तसे तेही मेजर. ते घरी आले, पायरीवरच बसले आणि म्हणाले, "बाई, पळायला कोन बी शिकवील. पन चार किलोचा गोळा लांब जायाचा तर अंगात ताकद पायजे. दोन वर्षं हायेत हातात. हलकं हलकं वजन चालू करू का?"

"मेजर, ती वाढत्या वयात आहे. आधीच उंची कमी पडते. वजनाने आहे तीही खुंटली तर?"

"न्हाई खुंटत, बाई."

"कशावरून म्हणता?"

त्यांनी पलटणीत शेकडो पोरं तयार होताना पाहिली होती, पण मला दाखवायला त्यांच्याकडे कागद नव्हता. माझ्याकडेही नव्हता, पण माझ्याकडे कुणी मागितला नाही. मी म्हणाले, "बाजारातले हमाल बघा. जन्मभर पोती वाहतात. एक तरी उंच आहे का त्यांच्यात?" मेजरांनी जमिनीकडे पाहिलं. "तुमी म्हनता तर ऱ्हाऊ द्या," म्हणाले आणि चहा न घेता गेले.

मग मी घरात नियम लावले. मला नियम लावायला आवडतात, हे तुम्हाला माहीत आहे. ताईने पाण्याचा हंडा डोक्यावर घ्यायचा नाही. गॅसची टाकी हलवायची नाही. दप्तरातली निम्मी पुस्तकं वेगळ्या पिशवीत, दोन हातांत वाटून न्यायची. आणि सकाळ-संध्याकाळ अंगणातल्या लिंबाच्या फांदीला लटकायचं, उंची ताणली जावी म्हणून. मी घड्याळ घेऊन खाली उभी असायचे. "दोन मिनिटं. उतर. पुन्हा दोन मिनिटं." तिच्या तळहातांना फोड आले, फुटले, त्यांचे घट्टे झाले. मी तुमच्या काकूची सासू, म्हणून तिची आत्याबाई. ती म्हणायची, "आत्याबाई, वटवाघूळ झालीया माझी पोरगी. एखाद्या दिशी उडून जाईल, मग हुडकत बसा."

बाकीच्या मुली मैदानावर वाळूच्या पिशव्या खांद्यावर घेऊन बैठका मारत होत्या. ताई त्यांच्याबरोबर पळायची आणि वजनाची वेळ आली की कडेला उभी राहायची. सहा-सात महिन्यांनी एकदा जेवताना म्हणाली, "आजी, सगळ्या जणी गोळा माझ्या पुढं टाकायला लागल्यात. माझ्या मागनं आलेल्या पन."

"गोळा नंतरही शिकता येईल. उंची नंतर येत नाही," मी म्हणाले. तिने पुढे काही विचारलं नाही. त्या घरात मला कुणी पुढचा प्रश्न विचारत नसे.

अठरा पूर्ण झाल्यावर पहिली भरती आली. नगरला मैदानी चाचणी झाली. ती संध्याकाळी परतली तेव्हा मी ओट्यावरच होते. तिने चपला काढल्या, पाय धुतले, आणि टॉवेल हातात घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"उंची भरली, आजी," ती म्हणाली. "गोळा न्हाई भरला."

धावण्यात ती चांगल्या मुलींच्या बरोबरीने होती. गोळा मात्र कमी गुणांच्या पहिल्या रेषांपाशीच पडला, तिन्ही वेळा. यादी लागली तेव्हा तिचं नाव नव्हतं, आणि जेवढ्या गुणांनी ते राहिलं तेवढे गुण गोळ्यातच होते. तुमच्या काकांनी रात्रीच्या जेवणावर एवढंच सांगितलं, "पुढची भरती निघंल तेव्हा आनखी एकदा. ती शेवटची. मग मी तिच्या लग्नाचं बघनार." काका कडक माणूस नाही. पण त्यांनी दिलेला शब्द ते फिरवत नाहीत, हे ताईला ठाऊक होतं. मलाही.

त्याच महिन्यात मी गुडघ्यासाठी नगरला हाडांच्या डॉक्टरकडे गेले. ही डॉक्टर माझीच जुनी विद्यार्थिनी. तिने मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "मॅडम, हात न टेकता उठा बघू." मला उठता आलं नाही. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा मागे बसले. मला इतकी शरम वाटली की मी विषय बदलला आणि ताईची हकिकत सांगितली: उंची वाचवली, पण गोळा गेला.

तिने पेन खाली ठेवलं. "वजनाने उंची खुंटते, हे तुम्ही कुठे वाचलंत?"

"ट्रेनिंग कॉलेजात शारीरिक शिक्षणाच्या बाईंनी सांगितलं होतं."

"आणि त्यांना कुणी सांगितलं होतं?"

मी पिशवीत चष्मा शोधू लागले.

"मी निबंधात असं बिनबुडाचं विधान केलं की तुम्ही समासात लाल शाईने लिहायच्या, 'आधार?' मी अजून विसरले नाही."

"पण ते हमाल..."

"मॅडम, त्या हमालांना लहानपणी पोटभर डाळ-दूध मिळालं होतं का, हे विचारलंत कधी?"

मग तिने मला शिकवलं, आणि मी वहीत उतरवून घेतलं. ते तुमच्यासाठी इथे देते. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी एक कोवळा भाग असतो, तिथून हाड लांब होतं. पडझडीने, वाकडंतिकडं किंवा झेपत नाही असं वजन उचलल्याने तिथे इजा होऊ शकते. पण जाणत्या माणसाच्या नजरेखाली, हलक्या वजनापासून, नीट पद्धतीने केलेल्या व्यायामाने उंची खुंटत नाही. लहान मुलांनी वजन उचललं तर ती ताकदवान होतात, पण त्यांचे स्नायू फारसे जाड होत नाहीत. नसा शिकतात. स्नायूतले जे धागे आधी झोपून असायचे त्यांना कामाला लावायचं कसं, हे नसांना कळतं. वयात आल्यावर शरीरातली रसायनं बदलतात आणि मग स्नायू भरू लागतात. मुलग्यांचे जास्त, मुलींचे कमी, पण ताकद दोघांची वाढते. मोठ्यांचंही पहिले काही आठवडे तसंच, आधी नसा शिकतात, मग स्नायू जाड होतो. आणि तो वजन उचलताना वाढत नाही. उचलताना त्याला ताण पडतो, थोडी झीजही होते. वाढतो तो नंतर, जेवण आणि झोप मिळाली तर.

"आणि माझ्या वयाचं?" मी विचारलं.

"वापरला नाही तर तुमचा स्नायू रोज थोडा गळतो आहे. वापरलात तर सत्तरीतही वाढतो. नातीबरोबरच सुरू करा."

तिसगावच्या एसटीत खिडकीशी बसून मी ती वही मांडीवर धरून होते. करंजीचा घाट चढेपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होते. घरी आले तेव्हा ताई शेळीला चारा टाकत होती. मी जुळवलेलं काहीच बोलले नाही. म्हणाले, "मी चुकले होते. वजनाने उंची खुंटत नाही."

ती चाऱ्याची पेंडी हातात धरून उभी राहिली. "दीड वर्षं लटकले मी, आजी," ती म्हणाली. पेंडी टाकली आणि तशीच मैदानाकडे निघून गेली. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. घरात माझ्याशी कुणी अबोला धरण्याची ती पहिलीच वेळ होती.

मेजरांनी मात्र मला एका शब्दाने टोचलं नाही. मी मैदानावर गेले तेव्हा म्हणाले, "खुर्ची आना गं बाईंना." वर्ष-सव्वा वर्ष हातात होतं, असा त्यांचा अंदाज. तेलाच्या रिकाम्या डब्यांत सिमेंट ओतून, मधे लोखंडी पाइप बसवून त्यांनी वजनं केली होती, लहान, मधली, मोठी. "घाई न्हाई करायची," ते ताईला म्हणाले. "पाठ सरळ, श्वास सोडत वर. वाकडी दिसली की वजन कमी करनार, रडली तरी." आठवड्यातून तीन दिवस वजनं, उरलेल्या दिवशी पळणं आणि एक दिवस पूर्ण विश्रांती. मी अंगणात पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन सुरुवात केली, आणि खुर्चीत बसणं-उठणं, टेबलाचा आधार घेऊन. एक वही घातली. तारीख, व्यायाम, किती किलो, किती वेळा, झोप किती, खाल्लं काय. ताईचं पान डावीकडे, माझं उजवीकडे.

पहिल्या दीड महिन्यात वहीतले आकडे चढत गेले आणि शिवणाच्या टेपचा आकडा जागचा हलला नाही. काकू दर रविवारी ताईचा दंड मोजायची. "अंग कुठं भरलंय? टेप तर तितलाच हाय."

"अजून भरणार नाही. आधी नसा शिकतात."

"नसांची बी शाळा असती व्हय? मंग तुमीच घ्या वर्ग."

ताई हसली. त्या महिन्यात ती पहिल्यांदाच माझ्यासमोर हसली होती.

पुढे मात्र स्नायू आले. नागपंचमीला साडी नेसायची म्हणून काकूने पेटीतून तिचं ब्लाउज काढलं, ते दंडात अडकलं. ओढताना बाही उसवली. मी मनातून खूश झाले. काकू उसवलेली शिवण हातात घेऊन पलंगावर बसली. "आत्याबाई, शेवगावचे पाहुने बघून गेल्यात. त्यान्ला पोरगी पसंत हाय. आता ह्ये खांदे बघून काय म्हनतील? सून आनली का पैलवान आनला?"

शेवगावच्या त्या घराबद्दल मला तेव्हाच कळलं. माणसं चांगली होती, शेती होती, मुलगा शिकलेला. फक्त त्यांना नोकरी करणारी सून नको होती. काकांनी त्यांना सांगितलं होतं, भरतीचा निकाल लागला की उत्तर देतो. म्हणजे निवड झाली नाही तर उत्तर ठरलेलंच होतं. ताई दारात उभी राहून ऐकत होती. तिने उसवलेलं ब्लाउज आईच्या हातातून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर मधली वजनं सोडून मोठी मागितली. मेजरांनी दिली नाहीत. "राग डोक्यात ठेव, खांद्यावर नको," म्हणाले.

मग चाचणीची तारीख जाहीर झाली. दसऱ्यानंतरचा पाचवा दिवस.

तारीख कळली त्या दिवशी काकू खूप गप्प होती. संध्याकाळी कारण कळलं. पहिल्या वेळी यादीत नाव नव्हतं तेव्हा ती देवीच्या डोंगरावर जाऊन नवस बोलली होती: पुढच्या भरतीला पोरगी लागू दे, पुढच्या वर्षीच्या नवरात्रात ताई नऊ दिवस अन्नाचा कण घेणार नाही, फक्त दूध आणि एकदा केळं. चाचणी नवरात्राच्या पाठोपाठ येईल, हे तेव्हा कुणाला माहीत होतं? ताईला उपास करायला लावणं तिच्या जिवावर आलं होतं, पण देवीला दिलेला शब्द होता. ताईनेच प्रश्न मिटवला. "करते मी. नऊच दिवस तर आहेत."

मी काही बोलले नाही. एकदा बोलून तिचं दीड वर्ष घालवलं होतं. या वेळी मला बोलायची भीती वाटली.

घट बसले. पहिल्या दिवशी ताईचे आकडे नेहमीसारखेच होते. दुसऱ्या दिवशी पळण्याच्या फेऱ्या दहावरून सातावर आल्या. तिसऱ्या दिवशी मी मैदानावर खुर्चीत बसले होते. ती पाइप खांद्यावर घेऊन खाली गेली, उठताना तिचे गुडघे थरथरले, चेहरा पांढरा पडला आणि पाइप खांद्यावरून मागे घसरला. सिमेंटचा डबा तिच्या टाचेपासून चार बोटांवर आदळला. मातीत खड्डा पडला. मग मेजर ओरडले, मी त्यांना कधीच ओरडताना ऐकलं नव्हतं. "बाई, हिला खायला घाला न्हाईतर हितं पाठवू नका! हाड मोडलं तर भरती तर गेलीच, पोरगी बी जन्माची लंगडी व्हायची!"

मी वही घेतली आणि घरी आले. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात घटाभोवतीचं धान्य नुकतं उगवायला लागलं होतं, पिवळट हिरवं. काकू दिव्यात तेल घालत होती. मी घडलेलं सांगितलं आणि म्हणाले, "तिचा उपास थांबव."

तिने तेलाची बाटली खाली ठेवली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तुमी म्हनला वजन नको. आमी ऐकलं. मग तुमी म्हनला वजन पायजे, ते बी ऐकलं. आता म्हनता देवीला दिलेला शब्द मोड. आन उद्या म्हनाल, ह्ये बी चुकलंच माझं. मंग देवीपुढं कोन जाईल, आत्याबाई? तुमी?"

तिचं बरोबर होतं. ज्या घरात माझ्या शब्दाला कुणी प्रश्न विचारत नव्हतं, तिथे तिने तो विचारला. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. वही उघडली आणि डावीकडचं पान तिच्याकडे फिरवलं. "हे माझं मत नाही. हे तुझ्या मुलीने रोज केलेलं आहे. तू वाच." काकू सातवीपर्यंत शिकली आहे. तिने बोट ठेवून ओळ ओळ वाचली. आठवडाभराचे आकडे, मग घट बसल्यापासूनचे तीन. तिसऱ्या दिवसापुढे मी फक्त लिहिलं होतं: चक्कर, डबा पडला.

"पहिल्या वेळी मी काही न बघता बोलले होते," मी म्हणाले. "या वेळी बघून बोलतेय. तरीही चुकलं तर देवीपुढे मी जाईन."

तिने ते पान पुन्हा वरपासून वाचलं. मग दिव्याकडे पाहिलं. "नवस माझ्या तोंडातनं गेलाय," ती म्हणाली. "उपास बी माझ्याच पोटानं काढायचा. देवी आई हाय, तिला कळंल. न्हाई कळलं तर मला काय ते करील." ती उठली आणि चुलीवर तवा ठेवला. "पन दसऱ्यापतुर अंडं घरात आनायचं न्हाई."

"डाळ, दूध, शेंगदाणे, भाकरी. पुरेल."

ताई आली तेव्हा ताटात गरम भाकरी होती. ती थबकली. "आई, तू?"

"गप जेव."

ताईने मान खाली घालून तीन भाकऱ्या खाल्ल्या. काकूने उरलेले सहा दिवस दूध आणि एका केळ्यावर काढले, शेतात कापूस वेचला, आणि आठव्या माळेला अनवाणी डोंगर चढून आली. मी ते सहा दिवस नीट झोपले नाही. वहीतले आकडे परत वर आले, तरीही. आता हरलो तर ते माझ्या शब्दावर आणि तिच्या उपासावर, दोन्हीवर हरणार होतो.

चाचणीच्या दिवशी उजाडता आम्ही शेजाऱ्यांची जीप घेऊन निघालो. माणूस सकाळी उंच असतो आणि दिवसभर उभं राहून किंचित कमी होतो, म्हणून मेजरांचा हुकूम होता, पोरीला आडवी न्या. ताई मागच्या सीटवर आडवी, डोकं आईच्या मांडीवर. "उठलीस तर बघ," काकू म्हणायची. काका प्रत्येक खड्ड्याला गाडी जवळजवळ थांबवत होते. मी पुढे बसले होते आणि माझ्या मनात एकच होतं. मागच्या वेळी उंची केसाएवढ्या फरकाने भरली होती. त्यानंतर तिने वर्षभर वजन उचललं होतं. डॉक्टरने मला समजावलं होतं, मला पटलंही होतं. पण माझंच जुनं वाक्य घाटातल्या प्रत्येक वळणावर परत येत होतं. आज तिची उंची कमी भरली तर?

मैदानाच्या फाटकातून ती एकटी आत गेली. आम्ही रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीच्या ताडपत्रीखाली बसलो. आतलं काही दिसत नव्हतं, फक्त शिट्ट्या ऐकू यायच्या. मुली बाहेर येत होत्या. एक रडत आली, तिच्या वडिलांनी तिची पिशवी घेतली आणि दोघं एसटी स्टँडकडे चालू लागले. काकूने चहा हातात घेतला आणि तो तसाच गार झाला.

"उंची घेतली आसंल का आता?"

"घेतली असेल."

थोड्या वेळाने पुन्हा, "गोळा झाला आसंल का?"

"माहीत नाही गं."

ऊन चढल्यावर ती आली. छातीवर क्रमांकाचं कापड, गुडघ्याला माती, चेहऱ्यावर काही नाही. मी उठले. मी खरं तर गोळा विचारायला हवा होता. माझ्या तोंडून निघालं, "उंची?"

"मागच्या येवढीच. तितकीच्या तितकी."

"आन गोळा?" काकूने विचारलं.

"पहिला गेला वाया. पाय रेषेवर पडला." ती धाप टाकत होती. "दुसरा अलीकडंच पडला, मागच्यापेक्षा लांब, पन अलीकडंच. तिसऱ्याला मोजनारे साहेब म्हनले, शेवटचा. मी डोळं मिटलं..."

"काय झालं ते सांग!" काका ओरडले.

"पूर्ण गुनांच्या रेषेपलीकडं गेला."

काकू फुटपाथवर मटकन बसली. "आधी ह्ये सांगायचं ना गं, भवाने!" म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. ताईने आईला उठवलं, एका हाताने, काखेत धरून, जशी गोणी उचलावी तशी. मी टपरीच्या बाकाला धरून उभी होते.

पुढे लेखी परीक्षा झाली. अंतिम यादीत तिचं नाव खालून मोजलं तर लवकर सापडायचं, पण होतं. काकांनी शेवगावच्या पाहुण्यांना कळवलं. त्यांनी दुसरी मुलगी बघितली, लग्नाचं आमंत्रण पाठवलं, आम्ही जाऊन जेवून आलो.

आता तुमच्याकडे येते. धाकटी, तू जा. शिकवणारं माणूस जाणतं आहे ना, हे आधी बघ. हलक्यापासून सुरू कर, पाठ सरळ ठेव, झोप आणि जेवण चुकवू नकोस, आणि दंड जाड होत नाहीत म्हणून रुसू नकोस, तुझ्या वयात आधी नसांचीच शाळा भरते. थोरल्या, तुझे स्नायू आता लवकर दिसू लागतील. तेवढ्यावर भुलून मित्रांपेक्षा जड वजन उचलायची पैज लावू नकोस, आणि कुणी डब्यातली पावडर किंवा सुई दिली तर घेऊ नकोस. बाबांना सांगा, त्यांच्या आईने तिचा शब्द परत घेतला आहे. त्यांनीही सुरुवात करावी.

ताईची पहिली भरती गेली ती माझ्यामुळे गेली. ती नोकरीत लागली म्हणून ते पुसलं गेलेलं नाही, आणि तिने मला तसं कधी म्हटलेलंही नाही.

ती आता प्रशिक्षण केंद्रात आहे, महिन्यातून एकदा येते. मी हात न टेकता खुर्चीतून उठते. सोमवार, बुधवार आणि शनिवार सकाळी सात वाजता तुमची काकू आणि मी अंगणात वजनं उचलतो. तिच्या हातातलं वजन माझ्या दुप्पट असतं.